मार खाणारा फोम

आयुष्यभर मी मार खाल्ला आणि त्यावरच घर चालवलं. मालवणात कराटे आणि किकबॉक्सिंगचा वर्ग चालवणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, ही रोज कुणाला तरी लोळवत असणार. खरं म्हणजे शिकवणाऱ्याचं निम्मं काम पॅड धरायचं असतं. समोरच्याने मारायचं, आपण झेलायचं, आणि वर त्यालाच म्हणायचं, शाब्बास, अजून जोरात. माझ्या सासूबाई एकदा वर्ग बघायला आल्या होत्या. घरी गेल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला एवढंच विचारलं, "ह्यां करूक तिका लोक पैसे देतत?"

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून पदकांच्या आठवणी हव्या होत्या. पदकं माझ्या मुलांनी मिळवली, ती त्यांनी लिहावी. मी लिहिणार आहे पॅडबद्दल. कारण गुडघ्याने दगा दिल्यावर वर्ग मी प्राजक्ताच्या हाती दिला (ती माझीच जुनी शिष्या), पण त्याच्या थोडं आधी तारकर्लीच्या खाडीत जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही. आजही कुठे होडीत घालायचं जाकीट दिसलं की माझा अंगठा आपोआप पुढे जातो. लिहून काढल्याने तो थांबेल असं वाटत नाही, तरी लिहिते.

ज्यांनी पॅड पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. हातात मोज्यासारखा घालायचा छोटा गोल असतो तो फोकस पॅड. ठोसा नेमका कुठे बसतो ते बघायला. मनगटापासून कोपरापर्यंत हाताला बांधायचा लांबट तो थाय पॅड. लाथा आणि गुडघ्याचे मार घ्यायला. आणि चांगल्या लोडाएवढी एक ढाल असते, तिला किक शील्ड म्हणतात. मागच्या पट्ट्यांत दोन्ही हात अडकवून ती पोटाशी कवटाळायची, पाय रोवायचे आणि समोरच्याला म्हणायचं, ये.

धरणं म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. मार येतो त्या क्षणी पॅड किंचित पुढे न्यायचा, म्हणजे मार पॅडवरच संपतो. भिऊन मागे घेतलात तर मारणाऱ्याचा कोपर झटकतो. चेहऱ्याजवळ धरलात तर तुमचाच पॅड तुमच्या नाकावर आपटतो, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या नाकावर तो एकदा आपटतोच. मी ते कुणाला आधी सांगत नसे. सांगून कळत नाही.

निवड हा आणखी वेगळा विषय. दुकानात लोक रंग बघतात, वरचं वाघाचं चित्र बघतात. मी अंगठा दाबते. अंगठा सुखाने आत गेला आणि पलीकडच्या पाठीला लागला, तर आत गादीचा स्पंज भरलाय, खाली ठेवा. अंगठा थोडा आत जाऊन अडला, आणि काढल्यावर खड्डा सावकाश भरून आला, तर तो बंद छिद्रांचा फोम, चपलेच्या जाड तळव्यात असतो त्या जातीचा. तोच मार खाऊ शकतो. शंका असेल तर एखादा तुकडा मागून घ्यायचा आणि बादलीत टाकायचा. स्पंज पाणी पितो, फोम पीत नाही. कितीही वेळ दाबून धरा, हात काढला की तो वर येतो. आमच्या हवेत हे फार महत्त्वाचं. पाणी पिणारा पॅड घामही पितो आणि खारी हवाही पितो, आणि एका पावसाळ्यात सुकटीला लाज आणील असा वास मारू लागतो.

मी पॅड विकतही असे, त्यामुळे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. वालावलचा एक तरुण आला होता. त्याला सगळ्यात कडक पॅड हवा होता. "दगडासारखो द्या," म्हणाला. दिला. दुसऱ्याच आठवड्यात मनगटाला पट्टी गुंडाळून परत आला आणि पॅड "डिफेक्टिव" आहे म्हणून भांडू लागला. मालवणच्या मासळी बाजारातली एक बाई किक शील्ड घेऊन गेली ती पाटाऐवजी बसायला. ओल्या फरशीवर बसून तिची कंबर धरत होती. "लाथो मारूच्यो नसल्यो तर चलात मां?" एवढं तिने विचारून घेतलं. मी म्हटलं, चालेल, फक्त सुरी त्याला पुसू नका. वैभववाडीकडच्या एका शाळेने तर सगळे पॅड काचेच्या कपाटात लावून ठेवले होते, हात लावला तर खराब होतील म्हणून. मी तिथे शिकवायला गेले तर मुलं हवेत लाथा मारत होती आणि पॅड कपाटातून बघत होते.

नवे पॅड वर्गाला नेहमीच परवडत नसत. म्हणून फाटलेले, बसलेले पॅड मी बाबलाकडे नेई. बाबल म्हणजे कुडाळच्या बाजारात रिक्षाच्या सीटा आणि सोफे शिवणारा माणूस. हात सोन्याचा. त्याला मी पहिल्यांदा पॅड उलगडून दाखवला, अंगठा कसा दाबायचा ते दाखवलं, बादलीची गंमतही दाखवली. त्याला ती फारच आवडली. पुढे फोमचा कुठलाही तुकडा हाती लागला की तो आधी बादलीत टाकून बघायचा आणि मला निरोप पाठवायचा, "बाईनू, तरंगणारो गावलो, येवा."

असाच एकदा निरोप आला आणि मी गेले तर बाबलापुढे पांढऱ्या फोमची चळत पडलेली. इतका सुंदर फोम मी त्याआधी हातात धरला नव्हता. हलका, घट्ट, एकजीव. अंगठा टेकवला की तो नम्रपणे थोडा मागे सरकायचा आणि लगेच जागेवर. तुकडे लहानमोठे होते, पण बाबलाने ते चिकटवून, वर लाल रेक्झिन चढवून किक शील्ड शिवल्या. मोठी मुलं जीव तोडून लाथा मारायची आणि पॅड जसेच्या तसे. मी सगळ्यांना मिरवून दाखवायची, बघा, कुडाळात शिवलेत. बाबलाला विचारलं, माल कुठला, तर म्हणाला, "जुनो आसा, पण बरो आसा." जुना माल त्याच्याकडे सगळीकडून यायचा, मोडक्या सोफ्यांतून, बंद पडलेल्या हॉटेलांतून. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

आता दिगूबद्दल. दिगू माझ्या पहिल्या तुकडीतला. बापाबरोबर होडीवर जायचा आणि संध्याकाळी वर्गाला यायचा, अंगाला मासळीचा वास आणि पायात विलक्षण ताकद. तो लाथ मारणार असला की मी शील्ड धरायला दुसऱ्या कुणाला देत नसे. पुढे तारकर्लीला पर्यटक येऊ लागले तसं त्याने मासेमारी कमी करून पर्यटकांची होडी घातली. धाकट्या भावाला, नानाला, दुसरी काढून दिली. दिगूची मुलगी रेवती चौथीत, माझ्याच वर्गात. आमच्या किनाऱ्यावर मुलग्यांना बापूस पाण्यात ढकलून पोहायला शिकवतो आणि मुलींना आवस सांगते, ओल्या कपड्यांनी घरी येऊ नको. रेवतीला पोहता येत नव्हतं. दिगू मात्र जन्मापासून पाण्यातला. बुडू नये म्हणून होडीत घालतात ते जाकीट त्याने आयुष्यात कधी अंगात घातलं नव्हतं. जाकीट ही त्याच्या लेखी पर्यटकांनी घालायची आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी बघायची वस्तू. किनाऱ्यावरच्या जवळजवळ सगळ्यांचं तेच.

कराटेच्या रंगीत पट्ट्यांची परीक्षा झाली की दर वर्षी मी मुलांना खाडीच्या मुखाजवळच्या वाळूवर घेऊन जायची. वाळूत पाय रुततात, लाथ मारताना तोल सांभाळावा लागतो, पोटऱ्या तयार होतात. होडी अर्थातच दिगूची. त्या वर्षीही सकाळी सगळे तारकर्लीला जमलो. दिगूने एकेकाच्या अंगात जाकीट चढवलं, रेवतीच्या अंगात शेवटी, बकल स्वतः लावून. लाल पॅड पुढच्या टोकाला रचले. प्राजक्ता मदतीला होती. ऊन कोवळं होतं, मुलं ओरडत होती, दिगू मजेत होता. ओहोटी लागली होती.

खाडीच्या मधोमध आलो तेव्हा माझ्या शेजारी बसलेली रेवती म्हणाली, तिचा पट्टा सैल झालाय. मी तो ओढून बसवला, आणि सवयीने तिच्या जाकिटावर, छातीजवळ, अंगठा दाबला.

अंगठा आत गेला. अडला नाही. पलीकडे मुलीच्या बरगडीला लागला.

मला वाटलं, हे एकच खराब असेल. मी माझ्या जाकिटावर दाबून पाहिलं. तसंच. पुढच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं करून दाबलं. तसंच. रेवतीच्या जाकिटाचा खालचा कोपरा फळीवरच्या पाण्यात भिजला होता. मी तो मुठीत धरून पिळला, तर बोटांमधून पाण्याची धार लागली. भिजलेली उशी पिळावी तशी.

मारामारीच्या धंद्यात मी थोडं भय पाहिलंय, पण ते समोरून येतं, त्याच्यासाठी पाय रोवता येतात. हे तर मुलांच्या अंगावर बांधलेलं होतं, आणि मी स्वतः बकलं लागलीत ना म्हणून बघून घेतली होती.

मागे सरकून मी इंजिनापाशी बसलेल्या दिगूजवळ गेले. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"दिगू, जाकिटां बदललंस काय रे?"

तो खूश झाला. "तुमच्या ध्यानात इलां? आदी कडक होती मां बाईनू. टुरिस्ट कुरकुरत, गळ्याक लागता, हनुवटेक लागता. बाबलाकडसून सगळी मऊ करून घेतलंय. आता लोक होडीतसून उतारले तरी काढूचां नाव घेनत नाय."

"आणि आतलो फोम?"

"तो खंय जातलो? तुमच्या पॅडांनी." त्याने पुढच्या टोकाकडे हनुवटी दाखवली. "बाबल म्हणालो, बाईंका असोच व्हयो आसता. तेणां तुमका सांगूक नाय?"

त्यानंतर क्षणभर मला इंजिन ऐकू येईनासं झालं. ज्या फोमवर मी भाळले होते, ज्याच्यावर मुलं वर्षभर लाथा मारत होती, तो माणसांना पाण्यावर धरून ठेवणारा फोम होता. आणि गादीचा स्पंज, जो मी पॅडमध्येसुद्धा घालू देत नाही, तो या मुलांच्या गळ्यात होता. बाबलाला बादली मी दाखवली होती. चांगला फोम ओळखायला तो शिकला होता, तो काढून मला द्यायलाही शिकला होता. जाकिटात तो कशासाठी असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं इथे कुणाला वाटतच नव्हतं.

पुढे मुखाजवळ ओढ जाणवत होती. खाडीचं पाणी समुद्राकडे धावत होतं. मोठ्याने काही बोलावं तर मुलं उभी राहणार, एका बाजूला धावणार, आणि मग जाकिटांची परीक्षा तिथेच होणार. मला काय करायचं ते सुचलं म्हणणंही चूक आहे, माझी नजरच त्या लाल ढिगावर खिळली होती.

माझ्या वर्गातल्या मुलांना एक गोष्ट पक्की माहीत असे. बाई मालवणीत ओरडताहेत तोवर सगळं ठीक आहे. बाई पुस्तकातल्यासारखं बोलू लागल्या की गप्प बसायचं.

"मुलांनो," मी म्हटलं, "आजचा पहिला सराव बसल्या जागी. कोणीही उभं राहायचं नाही. दोघांमध्ये एक पॅड. पोटाशी घ्या, पट्ट्यांत हात घाला, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

प्राजक्ताने माझ्या तोंडाकडे पाहिलं. वाकूनवाकून तिने पॅड वाटले, लहानांना आधी.

मी पुन्हा दिगूकडे वळले. "होडी फिरव. देवबागचो काठ जवळ आसा, थंय घे."

"कित्याक? वाळू तर समोर इली."

"जाकिटां पाणी पितत, दिगू."

"काय तां बाईनू. जाकीट पाणी पिता?" तो हसला, पण हसताना त्याने सुकाणू वळवलं. जुन्या शिष्यांचं हे एक बरं असतं. आधी करतात, मग वाद घालतात.

काठ जवळच होता, पण तो जवळ येईना. मधेच कुणाची तरी पाण्यावरची स्कूटर भन्नाट वेगाने बाजूने गेली आणि तिच्या लाटेने होडी एवढी कलंडली की मुलं आनंदाने किंचाळली. मीही हसल्यासारखं केलं. माझा एक हात रेवतीच्या पॅडच्या पट्ट्यात होता आणि तो मला नंतर सोडवता येईना, बोटं आखडून गेली होती. होडीचं टोक वाळूत घुसलं तेव्हा मी मुलांना एकेक करून उतरवलं आणि माडांच्या सावलीत बसवलं. मी होडीपाशीच ओल्या वाळूत बसले.

दिगू अजून रागावलेला नव्हता, त्याला वाटत होतं बाईंना ऊन लागलं. माझी समजूत घालावी म्हणून त्याने रेवतीच्या अंगातलं जाकीट काढलं आणि होडीपलीकडच्या खोल पाण्यात फेकलं. जाकीट तरंगलं.

"बगा, तरंगता मां?"

"रव," मी म्हटलं.

आम्ही बघत राहिलो. जाकीट छान तरंगत होतं. प्राजक्तानेही माझ्याकडे शंकेने पाहिलं. मग त्याचा एक कोपरा किंचित खाली गेला. शिवणीतून बारीक बुडबुडे येऊ लागले. जाकीट आडवं होतं ते उभं झालं, छाती पाण्याखाली गेली, थोडा वेळ खांद्यांच्या पट्ट्या दिसत राहिल्या. दिगूचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, त्याला ते काढायचं सुचलं नव्हतं. पट्ट्याही गेल्या. खाली ओहोटीच्या गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं.

मी एक पॅड घेऊन त्याच जागी टाकला. वर्षभर लाथा खाल्लेला, एका बाजूने दबलेला. तो डुबकी मारून वर आला आणि लाटेवर हलत राहिला. दिगूने पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांनी खाली दाबलं, अंगाचा भार टाकून दाबलं. हात काढल्यावर पॅड त्याच्या छातीवर येऊन आदळला.

रेवती माडाखाली बसून कुणाशी तरी टाळ्यांचा खेळ खेळत होती. दिगूने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग समुद्राकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की मला कळलं, अजून काहीतरी आहे.

"अर्धी जाकिटां नानाच्या होडीत आसत," तो म्हणाला. "तो डॉल्फिन दाखवूक भायर गेलो."

त्याने फोन लावला. नाना उचलत नव्हता. बाहेर समुद्रात रेंज कधी असते, कधी नसते. दिगूने पुन्हा लावला, मग फोन माझ्या हातात कोंबला आणि पॅड गोळा करू लागला. मुलांच्या हातांतून अक्षरशः ओढून घेत होता. ते होडीत टाकले, होडी लोटली, आणि वळून म्हणाला, "पॅड व्हरतंय, बाईनू." तोवर इंजिन सुरू झालं होतं.

मी फोन लावत बसले. वाजत होता, कुणी घेत नव्हतं. मुलांना प्राजक्ताने वाळूवर घोडचाल, म्हणजे गुडघे वाकवून चालणं, शिकवायला घेतलं. काठावर शहाळी विकणारा एक म्हातारा मला म्हणाला, "तुमचां पोर बुडलां काय?" मी म्हटलं, नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्याने मला शहाळं आणून दिलं. ते मी तसंच धरून बसले. समुद्र अगदी शांत होता. मी आयुष्यभर या समुद्राच्या शेजारी राहिले, पण त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना.

पुढचं थोडं इथेच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी मी बाबलाकडे गेले. तावातावाने गेले होते. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा हात शिलाई मशीनच्या चाकावर तसाच थांबला. "दिगून सांगल्यान मऊ कर, तां मऊ केलंय," तो म्हणाला. "होडीत बसतले म्हणान मऊ व्हयां, असां माका वाटलां. सोफ्यासारख्या." त्याला लबाड म्हणायला मी गेले होते, ते माझ्याने म्हणवलं नाही. बाबलाने त्यानंतर होडीवाल्यांचं काम घेतलं नाही आणि दिगू त्याच्याशी बोलत नाही. दोघांची माझ्यामुळे ओळख झाली होती, त्यामुळे दोघेही मला टाळतात. दिगूने नवी जाकिटं आणली, कडक. पर्यटक कुरकुरतात. तारकर्लीला आता काही होडीवाले जाकीट घेताना आधी ते पाण्यात दाबून बघतात, आणि त्यांना हे कुठून सुरू झालं हे माहीत नाही. मला ते बरं वाटतं. वर्गात मात्र कुणी लाल पॅडवर लाथ मारली की मला अंगावर बसल्यासारखी वाटायची. वर्ग लवकर सोडण्यामागे गुडघ्याइतकंच तेही कारण होतं.

तर, मी वाळूवर बसले होते. मुलं घोडचालीला कंटाळून शिंपले वेचायला लागली तेव्हा मुखाकडून दोन होड्या येताना दिसल्या. पुढे दिगूची, रिकामी. मागे नानाची, भरलेली. ती जवळ आली तसं मला दिसलं की होडीतला प्रत्येक जण पोटाशी एक लाल पॅड कवटाळून बसलाय. कुणी दोघांत एक. एका मावशींनी तो उलटा धरला होता, पट्टे बाहेर आणि तोंड आत. एक माणूस त्याचा फोटो काढत होता, त्याला बहुधा हा सहलीचाच भाग वाटत होता. मी उभी राहिले आणि मोजत सुटले, सगळे आहेत की नाही हे कळायला मला आकडाच ठाऊक नव्हता, तरी मोजत सुटले.

नाना वाळू लागायच्या आधीच पाण्यात उडी टाकून उतरला. रागाने लाल झाला होता. गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो भावावर तुटून पडला. भर समुद्रात होडीला होडी लावतोस, लोकांच्या अंगावर गाद्या फेकतोस, डॉल्फिन दिसत होते तर अर्ध्यातून मागे फिरवतोस, आता यांचे पैसे परत कुणी करायचे?

"झालां काय एवढां?" तो म्हणाला. "बुडलो काय कोण?"

दिगू होडीच्या काठाला धरून कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याला धाप लागली होती, आणि मी त्याला इतक्या वर्षांत कधी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"अजून कोण बुडूक नाय," तो म्हणाला. "म्हणान तर इलंय."